पाठीवरची माती

शेषराव,

तू गेला त्याला आज चौदावा दिवस. भांडण मात्र गेलं न्हाई. ते माझ्या ओट्यावर, तुझ्या जागेवर बसून आहे, आणि त्याचं मी एकट्यानं काय करावं? मैदानात तू गड्यांना दम द्यायचा, "कुस्ती सुटल्याबिगर कोणी मातीबाहेर पाय टाकायचा न्हाई." लोकांना सांगायला बरं होतं. स्वतःवर आलं तर पंचच आधी उठून गेला.

माझं शिक्षण चौथी. अक्षर वाकडं, पण काढलेलं कळतं. दुकानातून एक वही आणली आणि बसलो. तुझ्या अक्कानं विचारलं, "काय लिहून राह्यले?" म्हणलं, "तुझ्या भावाला शिव्या." म्हणली, "लिहा. त्याला तोंडपाठ हायेत, तरी लिहा." बायको माझी, पण आजवर बाजू कधी माझी घेतली तिनं? तिला वाचता येत न्हाई हे एक बरं आहे.

तुझं शेवटचं बोलणं माझ्या डोक्यातून जात न्हाई. दुपार उतरली होती. तू आला, नेहमीसारखा हात मागं बांधून, आणि ओट्याच्या कडेला टेकला. गावात नवी तालीम उभी राह्यली होती. भिंतींना निळा रंग, खाली मॅट, वर पत्रे. दारावरच्या पाटीवर नाव कोणाचं, एवढंच राह्यलं होतं. तरुण पोरं म्हणत होती, परमेश्वर पैलवानाचं, म्हणजे तुझ्या परमाचं. म्हातारे म्हणत होते, गंगाराम पैलवानाचं, म्हणजे माझं. म्हातारे आता चारच उरलेत आणि त्यातल्या एकाला ऐकू येत न्हाई. मंग पोरांनी फैसला तुझ्यावर टाकला. एक तुझा मुलगा, दुसरा तुझा दाजी, आणि तू सगळ्या पंचक्रोशीनं मानलेला पंच.

मी म्हणलं, "बोल. पाटीवर कोण?"

तू तंबाखू मळत म्हणला, "सोपं हाय, दाजी. परमाकडं पदकं हायेत. तुमच्याकडं पदक एक न्हाई, पण बावीस वर्षं पाठ मातीला लागली न्हाई, हे हाय. जो कधी पडलाच न्हाई त्याच्यावर कोणाला बसवता येत न्हाई. तुमची ती एक हार धरली, तर परमा मोठा. न्हाई धरली, तर तुम्ही मोठे."

"मंग धरायची का न्हाई? निकाल तूच दिल्ता ना?"

तू मळतच राह्यला. एवढी मळली की तंबाखूचं पीठ झालं. मंग म्हणला, "उद्या सांगतो."

"तीस वर्षं तुझं उद्याच चालू हाय."

"न्हाई, उद्या पक्कं. अक्काला सकाळी चहा जास्तीचा ठेवायला सांगा."

चहा ठेवला होता. तू सकाळी गोठ्यात म्हशीला वैरण टाकता टाकता खाली बसला तो बसलाच. चहा गार झाला. अक्कानं तो ओतून दिला न्हाई, दुपारपर्यंत तसाच झाकून ठेवला.

आता मी विचारतो, एक दिवस आधी सांगायला काय झाल्तं?

परमा मोठा का मी, याच्यावर आपण किती वेळ घातला असंल? त्या वेळात एक विहीर खोदून झाली असती. मी माझंच खरं करायचो आणि अजून करतो. माझ्या वेळी वजनाचा काटा नव्हता. समोर येईल तो गडी, तो रेडा असो का बोकड. ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली लाल माती, आणि तिच्यात दोन माणसं. यष्टी मिळाली तर यष्टीनं, न्हाई तर पायी, वडीगोद्रीपासून पार गोदाकाठच्या जत्रांपर्यंत गेल्तो. रात्रीची पिठलं-भाकरी पोटात, आणि जिंकलं तर फेटा, पितळी घागर, एखाद्या वर्षी बोकड. तो बोकड तुझ्या अक्कानं कापू दिला न्हाई. म्हातारा होऊन मेला.

परमाचं बघ. दोन दिवस उपाशी राहायचं, कशाला, तर वजन किलोभर उतरवायला! पैलवानानं उपाशी राहायचं? मंग लाल न्हाई तर निळी चड्डी, शिट्टी, तीन मिनिटं, आराम, परत तीन मिनिटं. पाठ लागली न्हाई तरी हार. नुसतं रेघेबाहेर पाय पडला तरी समोरच्याला गुण. मी म्हणायचो, "सहा मिनिटांत काय कुस्ती होती, शेषराव? आम्ही पाऊण-पाऊण तास लढत होतो."

आणि तू म्हणायचा, "त्यातली चाळीस मिनिटं नुसती खडाखडी, हातांची झटापट चालायची, दाजी. लोक तेवढ्यात शेंगा खाऊन, पाणी पिऊन, बायकोला काकणं घेऊन परत येत होते."

हसायचा. तुझ्या हसण्यानंच माझं डोकं जास्ती फिरायचं.

खरं सांगायचं तर परमाचा पहिला लंगोट मीच बांधला. पट कसा काढायचा, मान कशी दाबायची, पहिलं सगळं मी शिकवलं. पुढं तो पुण्याच्या तालमीत गेला आणि मॅटचा झाला. बारा वर्षं खेळला. गुडघ्याची दोनदा चिरफाड झाली. राज्याचं चांदीचं पदक आणलं, खेळाडू म्हणून पोलिसात लागला. मला पोराचं कौतुक न्हाई असं तुला वाटत असंल तर तू बिलकुल चुकीचा. पण कौतुक वेगळं आणि मोठं कोण ते वेगळं. ते मोठ्या मैदानात गेलं म्हणून मी लहान होतो का?

ते चांदीचं पदक आठव. शेवटची कुस्ती आपण तुझ्या घरी फोनवर पाह्यली होती, फोन डब्याला टेकवून. परमा पुढं होता, आणि घड्याळात दोन श्वास उरले असताना त्या समोरच्यानं एक गुण काढला. गेली. आणि आपलं पोरगं उठलं, त्याच्याशी हात मिळवला, त्याच्या वस्तादाच्या पाया पडलं, आणि हसलं.

मी म्हणलं, "हसून राह्यलं! लाज न्हाई?"

तू फोनवरून नजर न काढता म्हणला, "दाजी, ते सतरा येळा हरलंय आजवर. तुम्हाला एकदा हरता आलं न्हाई."

मी चपला घातल्या आणि निघालो. दोन महिने तुझ्या दारात आलो न्हाई. ते बोलणं मला अजून टोचतं. आणि त्याच्यावरचं उत्तर मला परवा, तू गेल्यावर सुचलं. आता कोणाला देऊ?

त्या एका हारेचं मी परत एकदा सांगतो. तुला ठाऊक आहे. पण माझं म्हणणं तू कधी शेवटपर्यंत ऐकून घेतलं न्हाई, आता तुला मधी बोलता येत न्हाई म्हणून ऐक.

आपल्या जत्रेच्या मैदानाची एक रीत होती, दुसरीकडं मी पाह्यली न्हाई. मोठ्या कुस्तीच्या आधी पंच ओलं फडकं घेऊन दोन्ही गड्यांच्या पाठी पुसायचा आणि लोकांना दाखवायचा. बघा, कोरी पाठ. गडी एकमेकांच्या हाताला, छातीला माती लावायचे, पाठीला कोणी लावायचं न्हाई. कुस्ती सुटली की पंच पाठ फिरवून दाखवायचा. माती दिसली तर पडला. वाद घालायला जागाच न्हाई.

माझं वय त्रेचाळीस. समोर बीडकडचा गडी, माझ्या निम्म्या वयाचा, मान अशी की खांद्यातून निघतच न्हाई. तू पंच. तूच माझी पाठ पुसली. मला आठवतं, तू पुसताना कानाशी म्हणला, "दाजी, लई खेचू नका." मी म्हणलं, "पंच हाय ना तू? मंग पंचासारखा राह्य."

अर्धा तास झाला. त्यानं पाय धरून पट काढला आणि मला उचलून टाकलं. मी पडता पडता मान आणि टाचा रोवल्या, कंबर वर. कमान. तो छातीवर दाबून राह्यला. हलगी थांबली. तेवढ्यात तू गुडघ्यावर आला, एक हात मातीत टेकवला आणि माझ्या पाठीखाली वाकून बघू लागला. मला तुझा एक डोळा दिसत होता फक्त. मंग मी खांद्यावर गरकन फिरलो, त्याच्याखालून निसटलो, पोटावर आलो आणि उभा राह्यलो. मैदान उठलं. लोक आत घुसले. फेटे उडाले. गर्दीत कोणीतरी माझ्या पाठीवर जोरात हात मारला, "शाब्बास!" म्हणला. मी वळून पाह्यलं तर पन्नास तोंडं.

मंग तू मला धरून फिरवलं. माझी पाठ लोकांकडं, माझं तोंड तुझ्याकडं. तुझा चेहरा पांढरा पडला होता. तू हळू म्हणला, "माती हाय, दाजी." आणि त्याचा हात वर केला.

दुसरे पंच म्हणजे तेव्हाचे सरपंच. ते मैदानाच्या पल्याड होते, आणि तुझ्या शब्दाबाहेर ते नव्हतेच.

मी ओरडत राह्यलो, पाठ लागली न्हाई, कोणाचा तरी हात लागलाय, तो हात मातीचा होता. कोण ऐकतं? सख्ख्या मेव्हण्यानं निकाल दिला म्हणजे खराच असणार. मी मातीवरच सदरा घातला आणि घरी आलो. परत लंगोट बांधला न्हाई.

त्या हाताचा शोध मी तीस वर्षं घेतला. किती जणांवर आळ घेतला! हलगीवाल्यावर घेतला. गिरणीवाल्यावर घेतला, तो बिचारा त्या दिवशी अंकुशनगरच्या कारखान्यावर ऊस घेऊन गेल्ता, मैदानात नव्हताच. लोक चेष्टा करायला लागले. पंगतीत कोणी पाठीवर हात ठेवला की दुसरा म्हणायचा, "अरे, पैलवानाला विचारून ठेव." तू बी त्या पंगतीत असायचा. तू हसत नव्हता, एवढं मला आठवतं. मला वाटायचं, माझी लाज वाटून राह्यली याला.

एकदा मी तुला राजूरच्या गणपतीला नेलं. अंगारकी होती, पाय ठेवायला जागा न्हाई एवढी गर्दी. अक्का बी संग होती. रांगेत तीन घंटे काढले. गाभाऱ्यासमोर आलो तसं मी तुझं मनगट धरलं आणि म्हणलं, "घे शपथ. माझी पाठ मातीला लागली होती, असं म्हण देवाला."

तू देवाकडं पाह्यलं, माझ्याकडं पाह्यलं. मागून लोक ढकलत होते, "चला, चला पुढं!" तू म्हणला, "दाजी, देवापुढं कुस्तीचं काय बोलायचं?" आणि मनगट सोडवून गर्दीबरोबर पुढं वाहत गेला. बाहेर आल्यावर मी प्रसाद घेतला न्हाई. यष्टीत तुझ्याकडं पाठ करून बसलो. मला वाटलं, खोटारडा आहे म्हणून भ्याला. खोटारडा असता तर शपथ घेऊन मोकळा झाला असता, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं न्हाई. पैलवानाचं डोकं.

तुझ्यावर नुसता राग होता असं बी न्हाई. लंगोट टांगल्यावर माझी मान धरली, ती उजवीकडं वळंना. रोज सकाळी येऊन तेल कोण चोळायचं? तूच. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कडबाकुट्टीत गेल्तं तुझं, लहानपणीच. पण त्या उरलेल्या आंगठ्यात आणि दोन बोटांत जी ताकद होती ती धडक्या हातात न्हाई. मानेला चोळायचा, खांद्याला चोळायचा. खाली पाठीला कधी हात लावला न्हाई. मी म्हणायचो, "जरा पाठीला बी लाव." तू म्हणायचा, "ते अक्काकडून घ्या." मला ते आळस वाटायचा.

आणि हात मागं बांधायची तुझी ती सवय. सगळ्या मुलखात पंच तुझी नक्कल करायला लागले, हात मागं बांधून चालायला लागले. लोकांना वाटायचं, ही पंचाची ऐट. परमा पदक घेऊन आला, गावानं त्याला खांद्यावर बसवलं, हलगी, गुलाल. तो उतरून तुझ्या पाया पडला. तू हात मागं बांधूनच उभा. "बरं केलं," एवढंच म्हणला. पोरगं माझ्याजवळ येऊन म्हणलं, "मामा, दादांनी एकदा बी पाठ थोपटली न्हाई." आत्याच्या नवऱ्याला आपल्यात मामाच म्हणतात, पण त्या दिवशी त्याचा आवाज ऐकून मला वाटलं, बापच म्हणून राह्यला. मी म्हणलं, "तुझा बाप दगड हाय."

मंग तू गेला. आणि लोक बोलायला लागले.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आलेला जो तो एकच सांगत होता. "शेषराव पंच म्हणजे सच्चा माणूस. सख्ख्या दाजीला हरवलं, पण पाप केलं न्हाई." एक जण सांगून झाला की दुसरा. ते मला धरूनच बोलायचे, माझ्या खांद्यावर हात ठेवून, "काय पैलवान, खरं ना?" तुझं सगळं नाव, शेषराव, माझ्या त्या एका हारेवर उभं आहे. मी पडलो म्हणून तू उभा. हे ऐकत मी तुझ्या राखेपाशी उभा राह्यलो. दात खाऊन.

दहाव्याला गोदावरीवर गेलो. पिंडाला कावळा शिवंना. परमानं हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. न्हाई. भावकीतल्या एकानं सांगितलं, बांधाचं भांडण मिटवतो. न्हाई. मंग सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. भटजी बी बघायला लागले. एक म्हातारा म्हणला, "पैलवान, तुमच्यातच अडकलाय त्याचा जीव. म्हणून टाका ना, पाठ लागली होती म्हणून. काय जातं?"

मी म्हणलं, "लागली न्हाई."

"अहो, मेलेल्या माणसासाठी तरी!"

"मेलेल्याला बी सांगतो. लागली न्हाई."

ऊन चढलं. लोक माझ्याकडं असे बघत होते की पिंडावर मीच बसलोय. कावळा अर्ध्या घंट्यानं आला, त्याच्या मर्जीनं, जिलबीचा तुकडा उचलला आणि गेला. मी म्हणलं, "बघा."

घरी आलो. अक्कानं पदरानं तोंड पुसलं आणि उंबऱ्यात बसली. म्हणली, "बस करा आता. तुम्हाला कोणी हात मारला ते मला ठाऊक हाय."

मी म्हणलं, "काय?"

"त्या दिवशी तुम्ही मातीवरच सदरा घालून आल्ते. मी पाणी तापवलं. सदरा सोलून काढला तर पाठीवर हात उमटलेला. वाळलेला. आंगठा, दोन बोटं, आणि पुढं काहीच न्हाई."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"असा हात आपल्या शिवारात एकाचाच हाय," ती म्हणली. "होता."

"आणि तू सांगितलं न्हाई? तीस वर्षं?"

"सांगून काय करायचं होतं? तुम्ही त्याला उचलून आपटलं असतं. मी त्याला विचारलं. तो नुसता रडला. त्या वर्षी भाऊबीजेला मी गेले न्हाई, तुम्हाला वाटलं तुमच्यासाठी राह्यले. मी त्याच्यावर रागावले होते. दुसऱ्या वर्षी गेले. भाऊ हाय, किती दिवस रागवायचं?"

"आणि तो हात?"

"धुतला. गरम पाण्यानं, घासून."

शेषराव, माझ्या अंगावर पुरावा होता आणि तो तुझ्या बहिणीनं घासून मोरीत सोडला. मला माझी पाठ दिसत न्हाई, म्हणून मी मुलूखभर चोर शोधत फिरलो, आणि चोर रोज सकाळी येऊन मान चोळून देत होता!

चार दिवस मी याच्यावरच विचार करून राह्यलो. तू वाकून पाह्यलं. त्या एका डोळ्यानं तुला माझ्या पाठीखालची मोकळी जागा दिसली. मी निसटलो, उभा राह्यलो, आणि तू पंच असल्याचं विसरला. मातीचा हात तसाच उचलला आणि हाणला. पडलेल्या गड्याच्या पाठीवर कोणी शाब्बास म्हणून हात मारतं का? म्हणजे निकाल तू दिल्ता. बराबर दिल्ता. आधी हातानं दिला, मंग तोंडानं फिरवला. माती दिसली आणि तू घाबरला; लोकांना गर्दीत नुसता लाल डाग दिसला, बोटं कोण मोजतं? "माझाच हात लागला" म्हणावं, तर लोक म्हणणार, दाजीला वाचवून राह्यला. आणि पंचानं घरच्या गड्याची पाठ थोपटली हे एकदा कळलं, म्हणजे पंचकी तिथंच संपली.

हे सगळं मला कळतं. कळतं म्हणून राग जात न्हाई. लोकांना न्हाई सांगितलं, ठीक. मला सांगायचं होतं. एकट्याला. गोठ्यात, शेतात, राजूरच्या रांगेत, मान चोळताना. मी काय केलं असतं? मारलं असतं. दोन दिवस दुखलं असतं. तीस वर्षं तर गेली नसती. गिरणीवाल्याची माफी मागायची राह्यली, तो बी मेला. आणि तू हात मागं बांधून घेतले ते घेतले, पोराच्या वाट्याची शाब्बासकी बी त्याच्यात बांधून ठेवली. याचा जाब मी कोणाला विचारू?

तेराव्याला मांडव गच्च भरला होता. माईक फिरत होता. परत तेच, सच्चा पंच, सख्खा दाजी. मंग तालमीच्या पोरांनी माईक माझ्या हातात दिला. एक जण म्हणला, "मामा, दादा पाटीचं सांगणार होते, ते राह्यलं. आता तुम्हीच बोला."

मी उभा राह्यलो. खोटं कशाला बोलू, शेषराव, माझ्या जिभेवर आलं होतं. बायको साक्षीदार समोर बसलेली. एका वाक्यात माझी बावीस वर्षं कोरी झाली असती. पाटीवर माझं नाव. आणि त्याच वाक्यात, अजून तेराव्याचं जेवण व्हायचं होतं, तुझं नाव मातीत गेलं असतं. परमा पहिल्या रांगेत होता, डोकं भादरलेला, दुखरा गुडघा लांब पसरून. अक्का बायकांमधी. ती माझ्याकडं बघत नव्हती. जमिनीकडं बघत होती.

मी माईकमधी म्हणलं, "माती लागली होती."

मागची माणसं उठून उभी राह्यली.

मंग म्हणलं, "शेषरावचा निकाल बराबर होता. पाटीवर परमेश्वरचं नाव लिहा. ते सतरा येळा हरलं आणि सतरा येळा उठलं. मला एकदा उठायला तीस वर्षं लागली." आणि माईक खाली ठेवला.

कोणीतरी म्हातारा मागून म्हणला, "सुटली बाबा एकदाची!" मांडव हसला. परमा लंगडत आला, पाया पडला. म्हणला, "मामा, तुम्ही असं कसं..." मी म्हणलं, "गप." आणि त्याच्या पाठीवर जोरात हात हाणला. दोनदा. एक माझा होता. तो कळवळला, "मामा, लागलं की!" आणि रडायला लागला. दुसरा कोणाचा ते मी त्याला सांगितलं न्हाई.

दाजीनं माफ केलं असं समजू नको. बिलकुल केलं न्हाई. रागानंच बोललो. आणि खोटं बी बोललो न्हाई, माती लागली होतीच. कोणी लावली ते कोणी विचारलं न्हाई. ही वही मी आहे तोवर पेटीत राहील. मी गेल्यावर परमानं वाचावी, आणि पाटी बदलायची का न्हाई ते त्यानं ठरवावं. त्याला हरता येतं, त्याला हे बी जमंल.

आज सकाळी मोरीत बसलो होतो. अक्का पाणी घालत होती. म्हणलं, "नेमकं कुठं होतं ते?"

ती म्हणली, "कशाला आता?"

"दाव तर."

तिनं तांब्या खाली ठेवला. करंगळी आणि शेजारचं बोट आत मुडपलं, आणि हात माझ्या पाठीवर ठेवला, दोन्ही फऱ्यांच्या मधी, जरा डावीकडं. "हितं," म्हणली. आणि हात बराच वेळ काढला न्हाई.

जरा हळू मारायचं होतं, लेका.